चौकोनात कापलेली पानं

आधी तिचं सांगते, मग काय घडलं ते. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडच्या दुसऱ्या खोलीत राहणारी एक मुलगी. पीएच.डी. करत होती. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. कोल्हापूरकडची, त्यामुळे शब्द असे ठासून टाकायची की सुरुवातीला मला वाटायचं, रागावली की काय. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. माझी चूक तिनं तिच्या गाईड सरांसमोर स्वतःच्या अंगावर घेतली, आणि त्यात तिचं एक वर्ष गेलं. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

मी त्या वसतिगृहात साफसफाई करते. पुण्यात येऊन नऊ वर्षं झाली. माहेर कळंबजवळचं, सासर नेरकडचं, म्हणजे दोन्ही अंगांनी यवतमाळ जिल्हा. नवरा एका कारखान्याच्या गेटवर असतो. माझी शाळा सातवीपर्यंत. आठवीला कळंबला एसटीनं जावं लागायचं, आणि त्या वर्षी कापसाची वेचणी लवकर लागली. दिवाळी झाली की येते, असं मास्तरांना सांगून मी पऱ्हाटीत शिरले. कापसाच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मला बोलवायला कोणी आलं नाही आणि माझी मी गेले नाही. कोणी मुद्दाम शाळा सोडवली असं नाही, ती आपली सुटली.

स्वभाव पहिल्यापासून भित्रा. कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहते. कोणी ‘जरा इकडे या’ म्हटलं की वाटेतच मी काय काय चुकलं असेल त्याची उजळणी करते.

मुलींच्या खोल्यांत भिंतीवर नट असतात, देव असतात, परीक्षेचं वेळापत्रक असतं. हिच्या भिंतीवर पानं होती. कपाशीच्या पानांचे फोटो, एकाला एक लागून, पलंगापासून पार खिडकीपर्यंत. प्रत्येकाच्या खाली पेनानं तालुका लिहिलेला. नेर. महागाव. कळंब. पहिल्यांदा कळंब वाचलं तेव्हा मी पोछा हातात धरून तशीच उभी राहिले. बादलीतलं पाणी गार झालं असावं. त्या दिवसापासून मी ती खोली सगळ्यात शेवटी घ्यायला लागले. शेवटी घेतली की घाई नसते.

एकदा तिनं धरलंच.

“मावशी, रोज काय बघता?”

“काई नाई मॅडम. हे कोणाच्या वावरातलं हाय?”

“वावर म्हणजे शेत ना? नाव नाही माहीत. शेतकरी फोनवर फोटो पाठवतात. तुम्हाला ओळखू येतं?”

“वावर कसं ओळखू? पान ओळखते.”

“मग पान सांगा.”

“हा लाल्या. थंडी पडली का पान लाल पडते न् गळून जाते. अन् हे वरचं बरं हाय, त्याले काई झालं नाई. नुसती धूळ बसली.”

तिनं वहीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून मला बसवलं. वसतिगृहाच्या खोलीत खुर्चीवर मी तेव्हा पहिल्यांदा बसले. पाय कुठे ठेवावेत कळेना.

तिचं काम तिनं मला साध्या शब्दांत सांगितलं. एक मशीन तयार करायचं. यंत्र म्हणजे लोखंडाचं नाही, कॉम्प्युटरच्या आतलं. शेतकऱ्यानं पानाचा फोटो काढला की त्यानं रोग सांगायचा. पण त्याला आधी कोणीतरी हजारो पानं दाखवून प्रत्येकाचं नाव सांगायला हवं. “बाळाला सांगतो ना आपण, हा काऊ, ही चिऊ, तसंच. चुकीचं सांगितलं तर जन्मभर चुकीचं बोलेल.” थोडी पानं कृषी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी पाहून दिली होती. ढीग उरला होता आणि तज्ज्ञांना वेळ नव्हता.

रेक्टरबाईंची परवानगी तिनंच काढली. दुपारी माझं काम संपलं की मी तिच्या खोलीत टॅब घेऊन बसायची. टॅबवर एक चौकोन यायचा, त्यात एक पान, आणि खाली पाच बटणं. निरोगी, लाल्या, दहिया, करपा, आणि शेवटचं, ‘सांगता येत नाही’. दहिया म्हणजे पानावर पांढुरके ठिपके धरतात तो रोग. मी बटण दाबायची, चौकोन जायचा, दुसरा यायचा.

पहिल्या दिवशीच ती म्हणाली होती, “मावशी, शेवटचं बटणसुद्धा उत्तरच आहे. कळलं नाही तर बिनधास्त दाबा.”

मी ते एकदाही दाबलं नाही. सातवी शिकलेल्या बाईला ज्या कामासाठी खुर्ची मिळाली, त्या कामात तिनं ‘सांगता येत नाही’ म्हणायचं कसं? मला वाटायचं, ते बटण कुठेतरी मोजलं जात असेल आणि कोणीतरी म्हणेल, हिला काही येत नाही, हिला परत झाडूवर पाठवा. झाडूवर तर मी होतेच. तरी वाटायचं.

खरं सांगायचं तर मी त्या कामाची वाट पाहायला लागले होते. चौकोनात पान मोठं दिसायचं, पण कधी कधी कोपऱ्यात मातीचा तुकडा यायचा. काळी, भेगाळलेली. मी दोन बोटांनी तो तुकडा मोठा करून बघायची. फार मोठं केलं की माती राहत नाही, नुसते रंगाचे चौकोन होतात, हे माहीत असूनही करायची. एखाद्या पानावर ऊन तिरपं पडलेलं असायचं आणि मला कळायचं, हा फोटो नऊ-साडेनऊचा आहे, दव नुकतं वाळलंय, बाया धुऱ्यावर बसून भाकरी सोडत असतील. धुरा म्हणजे शेताचा बांध. नऊ वर्षांत मी एकदाही वेचणीच्या दिवसांत गावी गेले नव्हते. आमची सुट्टी मे महिन्यात, मुली घरी गेल्यावर. मे महिन्यात आमच्याकडे वावरात काही नसतं. ढेकळं आणि ऊन.

ती शिकवायचीसुद्धा, एम.एस्सी.च्या मुलांना. एकदा तपासायच्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, “मावशी, गंमत बघा. बावीस जणांनी कपाशीवर लिहिलंय आणि एकच जण बोलतोय.” मुलांनी ते मोबाईलमधल्या लिहून देणाऱ्या मशीनकडून आणलं होतं. सगळं बरोबर, सगळं गुळगुळीत. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, वेचलेला कापूस बाया कशात ठेवतात. कोणालाच सांगता आलं नाही. मी हसले. कमरेला ओटी बांधतात, तीत ठेवतात, पोट आल्यासारखं दिसतं, त्यावरून पोरी एकमेकींना चिडवतात. तिनं हे लिहून घेतलं आणि पुढच्या वर्गात सांगितलं. मुलांना ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की प्रत्येकानं एका झाडासमोर अर्धा तास उभं राहायचं आणि मग लिहायचं.

ती स्वतःही तसलं मशीन वापरायची, इंग्रजी नीट करायला. पण तिच्या सरांचा नियम होता, प्रबंधाच्या कुठल्या पानावर मशीनची मदत घेतली ते शेवटी लिहायचं. ती लिहायची. “सांगितलं की हत्यार, लपवलं की चोरी,” असं एकदा म्हणाली. मी तेव्हा मान डोलावली.

तिच्या फोनमध्ये बोलणारं मशीन होतं. एका रविवारी तिनं तो माझ्यापुढे धरला, “विचारा काहीही, आपल्या भाषेत विचारा.” मला काय विचारावं सुचेना. शेवटी म्हटलं, “माह्या गावाकडं आता काय चालू असन?” त्यानं आधी माझं गाव विचारलं. मग म्हणालं, तुमच्या गावाची थेट माहिती मला नाही, पण या दिवसांत त्या भागात तूर फुलावर असते आणि कापसाची वेचणी चालू असते. आवाज बाईचा होता, शांत. बोलणं खरं होतं. कोणी पाहून न येता सांगितलेलं खरं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मी फोन परत दिला आणि बाथरूम धुवायची राहिलीय असं सांगून निघाले.

फेब्रुवारीत मशीन तयार झालं. ती खूश होती. सरांनी होकार दिला, जूनपर्यंत प्रबंध द्यायचा ठरलं. मला म्हणाली, “मावशी, दहिया तर असा ओळखतंय की विचारू नका. यात तुमचा हात आहे.” मशीन पानाच्या कुठल्या जागी पाहून ठरवतं, हे ते रंगानं दाखवायचं. पांढऱ्या ठिपक्यांवर लालभडक रंग चढलेला. मी माझ्या हातांकडे पाहिलं. खूप दिवसांनी मला घरी फोन करून काहीतरी सांगावंसं वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती सरांना दाखवायला काही फोटो निवडत होती आणि मी पलंगाखालून झाडत होते. तिनं मूळ फोटो उघडले होते. चौकोन कापायच्या आधीचे, अख्खे. मी वाकलेली उठले आणि पडद्यावर नजर गेली.

पान तेच होतं, मी त्यावर दहियाचं बटण दाबलं होतं. पण आता त्याच्या भोवती वावर होतं. झाडाच्या बुंध्याशी पाच दगड मांडलेले, त्यांना हळदकुंकू. बाजूला स्टीलची वाटी. आणि कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचा हात, बोटं ओली, पांढरी.

ते दही होतं.

आमच्याकडे वेचणीचा पहिला दिवस नुसता सुरू करत नाहीत. सीतादही करतात. घरची बाई वावरात जाते, पाच दगड मांडून पूजा करते, दहीभाताचा निवद दाखवते, आणि पऱ्हाटीवर दही शिंपडते. पीक पांढरंशुभ्र फुटू दे म्हणून. मग पहिलं बोंड वेचायचं. शेतकऱ्यांना तिनं सांगितलं होतं, वेचणीला जाल तेव्हा पानांचे फोटो पाठवा. आमच्या लोकांनी चांगला दिवस पाहून पाठवले. अख्खं घर वावरात असतं, सून नव्या लुगड्यात असते, फोन हातात असतोच. ज्या पानापुढे पूजा, त्याच पानाचा फोटो. आता मला एकामागून एक आठवायला लागलं, किती चौकोनांत ते ठिपके पानाच्या वरच्या अंगाला होते, थेंबासारखे गोल. दहिया खालच्या अंगानं धरतो, पान उलटून पाहावं लागतं. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण चौकोनातलं पान उलटता येत नाही, आणि मी ते शेवटचं बटण दाबलं नव्हतं.

मशीन काय शिकलं होतं, तर शिंपडलेलं दही ओळखायला. एखाद्या घरी सीतादही झाली की ते त्यांना औषध फवारा म्हणून सांगणार होतं.

तिला न सांगता केर भरला आणि खाली गेले.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं जेवता जेवता ऐकून घेतलं.

“तुले कोणी इचारलं का?”

“नाई.”

“मंग काहून सांगतं? तू काय पीएचडी करून राह्यली का? गप राय. पोरीचा घास तोंडापाशी आला हाय.”

“पण ते खोटं हाय ना.”

“खोटं तं खोटं. तिच्या सरले नाई कळलं, तुले कळलं? उद्या तुह्यावरच येईन. मंग ना झाडू राहीन ना पानं.”

तो वाईट बोलत नव्हता. माझ्या मनातलंच बोलत होता. तिनं सगळं पाठवून दिलं तर तिची पदवी होईल, आणि मी गप्प बसले तर ती माझ्यामुळे झाली असं ती म्हणत राहील. सांगितलं तर हातातोंडाशी आलेलं काम तिच्या हातून जाईल, तेही माझ्यामुळे. मी माझ्या मोबाईलमधल्या त्या बोलणाऱ्या मशीनलाही विचारून पाहिलं, नाव न घेता. कामात चूक दिसली आणि सांगितलं तर दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर काय करावं. त्यानं दोन्ही बाजू नीट मांडल्या. दोन्ही बाजू मला आधीच माहीत होत्या. त्यानं हेही म्हटलं की लवकर सांगितलेलं बरं असतं. तेही माहीत होतं. मला कोणीतरी माझ्याबरोबर त्या जिन्यावरून वर चालत यायला हवं होतं.

आठ दिवस मी ती खोली सगळ्यात आधी झाडत होते, ती आंघोळीला गेलेली असताना.

नवव्या दिवशी ती दारातच भेटली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

“मावशी, चुकवताय का मला?”

“मॅडम, त्या फोटोतलं ते दहिया नाई. दही हाय.”

ती हसली. “म्हणजे?”

“खायचं दही. पूजेचं. पानावर शिंपडलेलं. सगळे नाई, पण बरेच.” मग मी एका दमात सीतादही सांगितली. आणि जे सांगितलं नसतं तरी चाललं असतं तेही सांगितलं. “मले आठ दिवस झाले, माहीत हाय.”

तिनं टॉवेल सोडला. “गेल्या सोमवारी मी सरांना सगळं पाठवलं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं. त्या सकाळीही ही खोली झाडून गेलात.”

“हो.”

“पाठवू दिलंत मला.”

ती कोल्हापूरकडची असल्यामुळे तशी बोलते, असं मला या वेळी वाटलं नाही. ती खरंच रागावली होती. तिनं खुर्ची ओढली, स्वतः बसली, आणि मूळ फोटो उघडायला लागली. एक. दुसरा. तिसऱ्यात दगड दिसले. चौथ्यात वाटी. बराच वेळ ती पाहत राहिली, मी उभी.

मग म्हणाली, “ते पाचवं बटण का नाही दाबलंत?”

“लाज वाटली.”

पडद्याकडेच पाहत ती म्हणाली, “मलाही वाटते. सरांच्या प्रत्येक मीटिंगमध्ये.” आणि पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

तीन दिवस आम्ही फोटो पाहिले. आता अख्खे. दही ते दही, दहिया तो दहिया, आणि कळेना ते शेवटच्या बटणात. ते बटण मी पहिल्यांदा दाबलं, मग दाबतच गेले. दहियाचा ढीग उतरत उतरत इतका लहान झाला की तिनं मोजणं सोडून दिलं.

सरांनी दोघींना बोलावलं. मी कामाच्या साडीवर गेले, दुसरी नेसायला वेळ नव्हता. सर वयस्कर, चष्मा कपाळावर ढकललेला. समोर कागद होते.

“या पानांना नावं कोणी दिली?”

मी पुढे झाले असते की नाही, मला आजही सांगता येत नाही. तिनं मला वेळच दिला नाही.

“चूक माझी आहे, सर. मी पानं चौकोनात कापून दिली. शेत काढून टाकलं. कोणालाही ओळखता आलं नसतं.”

“नावं कोणी दिली, हा प्रश्न होता.”

“माझ्या कामात दिली गेली. जबाबदारी माझी.”

सर माझ्याकडे वळले. “आणि दही कोणी ओळखलं?”

“यांनी,” ती म्हणाली.

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले की जून विसरा. पुढच्या हंगामात स्वतः जाऊन फोटो घ्या, पान दोन्ही अंगांनी, शेतासकट. “आणि यांना बरोबर न्या.” बाहेर आल्यावर मी रडले. ती म्हणाली, “मावशी, कॉरिडॉर ओला करू नका, तुम्हालाच पुसायचाय.”

एप्रिलमध्ये तिची आई आली होती, दोन दिवस. चहा देताना आई सहज बोलून गेली की साताऱ्याच्या कॉलेजात हिची शिकवायची जागा जवळजवळ ठरली होती, प्रबंध जूनमध्ये गेला असता तर. आता ती जागा दुसऱ्याला मिळाली. शिष्यवृत्तीही संपली, म्हणून ही क्लास घेते. मुलगी खिडकीत उभी होती. तिनं आईला डोळ्यांनी गप्प केलं ते मी पाहिलं. मी काही पाहिलं नाही असं दाखवलं.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो. यवतमाळला सकाळी उतरलो, तिथून कळंबची एसटी. खिडकीतून दोन्हीकडे पऱ्हाटी लागली, पांढरी फुटलेली, आणि मी खिडकीच्या गजाला धरून पाहत राहिले. ती म्हणाली, “मावशी, बोला की, रोज तर बोलता.” मी नुसतं बोट दाखवलं.

स्टँडवर भाऊ आला होता. घरी आईनं तिला पाटावर बसवलं आणि मलाही पाटावर बसवलं. चहा पाहुण्यांच्या कपात आला. मी म्हटलं, माय, मले ग्लासात दे. आई म्हणाली, “राहू दे ना, पाहुणी हायेस.” तिनं प्रेमानंच म्हटलं. मला तो कप संपवता संपेना.

दुसऱ्या दिवशी आमची सीतादही होती. वहिनी पूजेला बसली आणि ही मुलगी कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरायला लागली. बायकांना हसू आवरेना.

“कावो बाई, पुण्याले जाऊन पानाले नावं ठेवाले शिकली का तू?” वहिनी मला म्हणाली.

“मशीनले शिकवाले लागते, वहिनी. त्याले दही समजत नाई.”

“मंग एक वाटी पाठवून दे त्याले.”

आई त्या मुलीच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “पोरी, कायले घाई करून राह्यली? आंधी दही वाळू दे. वाळल्यावरच तं फसवते ते.”

आई शाळेत कधी गेली नाही. ती मुलगी थांबली. दही वाळेपर्यंत धुऱ्यावर बसून राहिली, भाकरी खाल्ली, मिरचीनं डोळे भरून आले तरी खाल्ली. मग एकेक पान वरून, खालून, दही असलेलं, दहिया असलेलं, दोन्ही असलेलं. मी पान उलटून धरायची, ती फोटो काढायची. तिनं मशीनसाठी एक नवीन नाव तयार केलं, दही. महागाव आणि नेरच्या गावांतही आम्ही तसंच केलं. नेरकडे माझ्या सासूनं तिला ओटी बांधून दिली आणि तिनं एक ओळ वेचली. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली तिची. माझीही सोलली. नऊ वर्षांत हात शहराचे झाले होते. पूर्वी मी दोन ओळी एकदम धरायची. आता माहेरच्या वावरात वहिनी माझ्या पुढे निघून जायची आणि मागे वळून पाहायची नाही, मला वाईट वाटू नये म्हणून.

निघायच्या दिवशी माहेरच्या वावरात अर्धी वेचणी राहिली होती. मी भावाला म्हटलं, दोन दिवस थांबते. तो म्हणाला, “तिकडं तुही खाडा लागन ना.” बरोबर होतं. गाडीत बसल्यावर पदराला कापूस चिकटलेला दिसला. तो मी काढला नाही. पुण्यात धुण्यात कधी गेला ते कळलं नाही.

प्रबंध यंदा झाला. तिनं मला त्यातलं एक पान दाखवलं. पानांना नावं देणाऱ्या तज्ज्ञांचा तक्ता होता, नावाऐवजी आकडे, आणि पुढे पात्रता. वरच्यांपुढे पदव्या. शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून तिनं इंग्रजी मला मराठीत वाचून दाखवलं. शिक्षण सातवी, कापूस वेचणीचा अनुभव बालपणापासून. त्याच्या पुढच्या प्रकरणात दह्याची सगळी गोष्ट आहे, चूक कशी झाली त्यासकट. चुकीच्या जागी तिनं ‘मी’ लिहिलंय आणि ओळखल्याच्या जागी मला ठेवलंय. मी म्हटलं, हे खरं नाही. ती म्हणाली, “मावशी, प्रबंध माझा आहे.”

आता ती लांबच्या एका गावी शिकवते. साताऱ्याच्या कॉलेजापेक्षा लहान कॉलेज, घरापासून दूर. फोन करते तेव्हा म्हणते, जेवण बेचव आहे, मुलं चांगली आहेत, आणि संध्याकाळी खोलीत कोणाशी बोलावं कळत नाही. ते मला कळतं. त्या खोलीत आता दुसरी मुलगी आली आहे.

पोरी, तुला मी कधी अगंतुगं केलं नाही, आज करते. तुझं एक वर्ष माझ्याकडे आहे आणि ते मला जड झालंय. दोन-चार वर्षांत आम्ही गावी परतायचं म्हणतो आहोत. तुझ्या हाताखाली जी मुलं शिकतील, त्यातल्या कोणाला शेतातलं काही मशीनला शिकवायचं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव, नाहीतर तूच घेऊन ये. पेरणीपासून पऱ्हाट्या उपटेपर्यंत एक अख्खा हंगाम मी त्यांच्याबरोबर उभी राहीन, जे माहीत आहे ते सांगेन, जे नाही ते नाही म्हणेन, आणि चूक दिसली तर त्याच दिवशी सांगेन. तुझं वर्ष मी कधीतरी फेडीन.